फ्रिजचे चोवीस तास

आमच्या घरात लाइटबिलाची वाटणी पॉइंटावर व्हायची. पॉइंट म्हणजे वायर जिथं येऊन संपते आणि काहीतरी पेटतं किंवा फिरतं ती जागा. बल्ब एक पॉइंट, पंखा एक, टीव्ही एक. बिल आलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर बसून बोटांवर पॉइंट मोजायचे, बिलाचे तेवढे भाग करायचे, आणि ज्याच्याकडे जितके पॉइंट त्यानं तितके भाग द्यायचे. घर एकच होतं, जवळा बाजार या गावात, बाजारतळाच्या मागं, पत्र्याचं. पण चुली दोन होत्या. अलीकडच्या तीन खोल्यांत आम्ही आणि मधल्या भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत काकू आणि तिची रेखा. काका कावीळ होऊन गेले तेव्हा रेखा पाच वर्षांची होती. पुढं चुली वेगळ्या झाल्या, ज्वारीच्या कणग्या वेगळ्या झाल्या, मीटर तेवढा आमच्या ओसरीत एकच राहिला. त्याच्यात एक चकती आडवी फिरायची, तिच्या कडेला लाल खूण होती. ती खूण समोरून गेली की कुणीतरी एक घास खाल्ला असं मला लहानपणी वाटायचं. कोण खातं ते मात्र चकतीवर दिसायचं नाही.

हे सगळं आता लिहायला बसले त्याचं कारण सांगून टाकते. मागच्या थंडीत आई गेली. अण्णा तर कधीचेच गेले. ज्यांच्यासमोर बोलायला भीती वाटायची, किंवा भीती वाटते असं मी स्वतःला सांगायचे, त्यांतलं आता कुणी उरलं नाही. मी वसमतला शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी मुलांना फळ्यावर शिकवते की हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होतं. बल्बचं उदाहरण घेते, इस्त्रीचं घेते. फ्रिजचं घेत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, ते पुढच्या तासाला. पुढच्या तासाला धडा बदललेला असतो.

अण्णा आडतीवर मापाडी होते. कापूस, सोयाबीन, तूर, बाजाराला जे येईल ते त्यांच्या काट्यावरून जायचं. पहिलं माप टाकताना मापाडी ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन असं मोजत जातात. अण्णा घरातही तसंच मोजायचे. ताटात पहिली भाकरी पडली की ‘लाभ’, दुसरी पडली की ‘दोन, बास’. पावसाळ्यात पत्र्याखाली भांडी ठेवायचे तीही लाभ, दोन, तीन. काट्याला बोट लावायचं न्हाई, एवढं एकच वाक्य त्यांनी मला शिकवण म्हणून दिलं असेल, आणि ते त्यांनी आयुष्यभर पाळलं. शेतकरी दुसऱ्याच्या काट्यावर गेला तरी तोलताना अण्णांचं नाव घेऊन म्हणायचा, बापूरावला बोलवा. त्यामुळं घरात अण्णांनी केलेली वाटणी कधी कुणी उलटून पाहिली नाही.

दिवाळीनंतर आईनं आठवडी बाजारातून कॉइलची शेगडी आणली. मातीची जाड थाळी, तिच्या खाचेतून फिरवलेली तार, खाली लोखंडाचे तीन पाय. रॉकेल मिळत नव्हतं, आणि ओल्या पळाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या काड्यांच्या, धुरानं आईचे डोळे सतत चुरचुरायचे. शिवणाच्या पैशातून तिनं ती गुपचूप घेतली. गुपचूप अशासाठी, की अण्णांना एकदा इस्त्रीचा झटका बसला होता आणि तेव्हापासून ‘करंटवर सैपाक’ हा शब्दसुद्धा त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. अण्णा नऊला आडतीवर गेले की शेगडी कणगीमागून बाहेर यायची आणि साडेअकराला बंद होऊन, नीट थंड झाल्यावर, परत कणगीमागं जायची. त्या अडीच तासांत वरण, भाजी, अंघोळीचं पाणी, दूध, सगळं व्हायचं. तार लालबुंद झाली की तिच्यातून बारीक गुणगुण यायची. आईसुद्धा तेव्हा काहीतरी गुणगुणायची. मला ती सकाळ फार आवडायची. घरात धूर नसलेली आई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

संक्रांतीच्या सुमाराला काकूनं फ्रिज आणला. एका डॉक्टरीणबाईंच्या घरचा जुना, फिक्कट निळा, दाराच्या खालच्या कडेला गंज. टेम्पोतून उतरवला तेव्हा गल्ली गोळा झाली. काकूनं त्याला हळदकुंकू लावलं आणि दुसऱ्याच दिवसापासून प्लास्टिकच्या लांबोड्या पिशव्यांत लाल-पिवळं सरबत भरून, मेणबत्तीच्या ज्योतीवर त्यांची तोंडं चिकटवून, बर्फाच्या कांड्या करायला लागली. आठ आण्याला एक. शाळेच्या फाटकापाशी रोज आणि बाजारच्या दिवशी बाजारतळावर. काकूच्या डोक्यात पुढचं सगळं ठरलेलं होतं. कांड्यांवर रेखी दहावी होईल, मग नांदेडला नर्सिंगला जाईल. ‘पांढऱ्या कपड्यात येईल माझी पोरगी, तवा मीच तिच्या हातून सुई टोचून घेईन,’ असं ती म्हणायची, आणि रेखा म्हणायची, ‘आधी तुलाच टोचते, मंग गावाला.’

फ्रिजचा आवाज मधल्या भिंतीतून यायचा. जड घुरघुर, मग एकदम खडखड करून अंग झटकल्यासारखा व्हायचा, आणि शांत. काही वेळानं पुन्हा घुरघुर. माझी अभ्यासाची सतरंजी त्याच भिंतीला टेकून होती. वाचणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. मला ते लक्षात ठेवता आलं नाही, किंवा ठेवायचं नव्हतं. यातलं कुठलं खरं, ते मला आजही ठरवता येत नाही.

होळीपर्यंत बिल दुपटीवर गेलं. अण्णांनी ओसरीवर बसून पॉइंट मोजले. पाच बल्ब, दोन पंखे, आमचा टीव्ही, काकूचा फ्रिज. नऊ. त्यांतले चार काकूचे.

‘कमल, फ्रिजलाबी एकच पॉइंट धरू का?’ अण्णांनी विचारलं.

‘धरा की भाऊजी. पिन एकच तर हाय त्याची.’

आतून आईचा आवाज आला, ‘पिन एक हाय, पोट केवढं हाय ते बघा.’

‘पोट तुमच्या टीव्हीलाबी हाय, बाई,’ काकू म्हणाली. ‘दिवसभर नाचून राहिला तो. माझा फ्रिज एका जागी गप उभा तरी हाय.’

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. आडतीवर त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की फ्रिज लई करंट ओढतो, आणि ज्याचं माप माहीत नाही ते वाटायचं कसं हा त्यांच्यापुढचा खरा पेच होता. पैशाचा नव्हता, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन. दहावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते. त्यांनी माझ्याकडे वळून म्हटलं, ‘संगे, तुमच्या शाळेत युनिटाचं शिकवलंय म्हणं. तू काढ. कुणाचं किती ते कागदावर येऊ दे. म्हंजे कुणाच्या मनात काही राहायचं न्हाई.’

दोन दिवस मी वही घेऊन घरभर हिंडले. प्रत्येक वस्तूवर कुठंतरी तिचे वॅट लिहिलेले असतात. ते लिहायचे, ती दिवसाला किती तास चालते ते लिहायचं, गुणायचं, हजारानं भागायचं, महिन्याचं काढायचं. बल्ब साठचे, रोज पाच तास. पंखे साठचे, दहा तास. फ्रिजच्या मागची पट्टी धुळीनं भरली होती. रेखानं ती ओढणीनं पुसली आणि बॅटरी धरली. दोनशे वॅट.

‘ताई, तास किती लिहितीस?’

‘चोवीस. तुमी बंद कुठं करता?’

रेखा थोडा विचार करून म्हणाली, ‘न्हाई, बंद तर न्हाई करत.’

तिनं खरं तेच सांगितलं. मीही खरं तेच लिहिलं. दोनशे गुणिले चोवीस, महिन्याचे एकशे चव्वेचाळीस युनिट.

मग मी आमच्या स्वयंपाकघरात आले आणि कणगीकडे बघत उभी राहिले. आई भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि हात न थांबवता म्हणाली, ‘अण्णा वाचणार हायत ना ते? मंग जे दिसतं ते लिही.’ शेगडी तेव्हा कणगीमागं होती. दिसत नव्हती. मी लिहिली नाही.

मला वाटलं, आता बेरीज जुळणार नाही, आपली चोरी पकडली जाईल, आणि काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागले. बेरीज केली. फ्रिज एकशे चव्वेचाळीस, बल्ब पंचेचाळीस, पंखे छत्तीस, टीव्ही पाच. दोनशे तीस. बिलावर होते दोनशे एकतीस. मी तीनदा करून बघितली. एका युनिटाचा फरक. शेगडी न धरता सगळं जुळत होतं, मग शेगडी चालत होती कशावर? त्या दुपारी मी खरोखर गोंधळून गेले. शेवटी मी स्वतःची समजूत घातली की कॉइल नुसती लाल होत असेल, खात नसेल. दहावीला विज्ञानात पहिली येणारी मुलगी मी. पण समोर जुळलेली बेरीज होती, आणि जुळलेल्या बेरजेपुढं माझं डोकं चालेना.

कागद पक्का करताना अण्णा शेजारी बसले होते. पहिल्या ओळीला आकडा घालायला लागले तर म्हणाले, ‘एक न्हाई. लाभ लिही.’ मी लिहिलं. संध्याकाळी ओसरीवर त्यांनी तो मोठ्यानं वाचला. ‘लाभ, फ्रिज, एकशे चव्वेचाळीस.’ पुढं दोन, तीन, चार. हिशोब असा निघाला की बिलाच्या पाच भागांतले चार काकूनं द्यायचे.

काकू उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, ‘भाऊजी, माझ्या सैपाकाच्या खोलीतला बल्ब सकाळच्याला...’ आणि थांबली.

अण्णांनी कागद तिच्यापुढं धरला. ‘बेरीज बघ, कमल. एका युनिटाचा फरक. एवढा बराबर तर माझा काटाबी न्हाई.’

काकूला वाचता येत नव्हतं. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘बराबर असंल. संगीनं काढलंय म्हणल्यावर.’

अण्णांनी तो कागद आडतीवर नेला. आठ दिवसांत लोक आपापली बिलं घेऊन आमच्या दारात यायला लागले. कुणाची पिठाची चक्की, कुणाचा कूलर, कुणाचा भाडेकरू भांडत होता. ‘मापाड्याची पोरगी लाइटबिल सांगती.’ मी ओसरीवर पाट टाकून बसायचे, अण्णांसारखी. लाभ, दोन, तीन. एका म्हाताऱ्यानं मला पेढा दिला. पंखा धरावा की बंद करावा हे बायका मला विचारायच्या. आयुष्यात त्याआधी मला कुणी काही विचारलं नव्हतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी त्या भिंतीला टेकून बसले होते. ऊन असं की पत्रा मधूनमधून कटकट वाजत होता. फ्रिजनं खडखड केली आणि तो थांबला. आणि मला कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं. थांबला म्हणजे काय? पिन लावलेली, लाइट आहे, पंखा फिरतोय, आणि तो थांबला. अण्णांचं घड्याळ खुंटीला होतं, ते घेतलं. वीस मिनिटं शांत. मग घुरघुर, वीस मिनिटं. पुन्हा शांत. तीन दुपारी मी मोजलं. मिनिटभर इकडंतिकडं, पण तेच. आतला गारवा पुरेसा झाला की तो आपोआप बंद पडतो हे मला नंतर पुस्तकात मिळालं, पण ते कळायला पुस्तकाची गरज नव्हती. चार महिने तो रोज माझ्या पाठीशी बंद पडत होता.

मी दुसरा कागद केला. फ्रिज चोवीस नाही, बारा तास, बहात्तर युनिट. मग बेरीज एकशे अठ्ठावन्न आली आणि बिलातले सत्तरच्या वर युनिट बेवारशी झाले. ते कुठं आहेत हे मला न शोधता माहीत होतं. हजाराची कॉइल, अडीच तास, महिन्याचे पंचाहत्तर. ते धरून बेरीज झाली दोनशे तेहेतीस. खोटी बेरीज एका युनिटानं चुकली होती, खरी दोन युनिटांनी. मी त्या दोन आकड्यांकडे इतका वेळ बघत बसले की मला खरं आणि खोटं यांतलं कुठलं कुठं ते कळेना. खोटा कागद जास्त बराबर होता.

दुसऱ्या दिवशी मी आईजवळ विषय काढला. शेगडी पेटलेली होती. मी म्हटलं, ‘आई, फ्रिज अर्धाच वेळ चालतो गं.’ आईनं शेगडीवरचं दूध ढवळलं. मग म्हणाली, ‘आता काय त्याचं. तिनं गिऱ्हाईक पाहिलंय फ्रिजला.’ मला हे नवीन होतं. कांड्यांत जे सुटायचं ते सगळं बिलात चाललंय म्हणून काकूनं फ्रिज विकायला काढला होता आणि ती वारंगा फाट्याला भावाकडे जाणार होती. शाळा सुरू व्हायच्या आत. रेखाची नववी तिथून व्हायची होती. ती कधी झाली नाही.

आईला वाचवायला मी गप्प राहिले, असं मी इतकी वर्षं धरून चालले. ते पुरतं खरं नाही. आईला अण्णा काय म्हणाले असते? चार दिवस बोलले नसते, शेगडी फेकली असती, झालं. मी गप्प राहिले ते ओसरीवरच्या त्या पाटासाठी. पहिलाच कागद चुकला असं कळलं असतं तर दारात बिल घेऊन कोण आलं असतं? सोळा वर्षांच्या मुलीनं असा विचार केला हे लिहिताना आजही हात अडतो. पण केला. टेम्पो आला तेव्हा मी कुणाच्या तरी चक्कीचं बिल काढत होते. रेखा ‘ताई, येते’ म्हणाली, आणि मी बोट वर केलं, म्हणजे थांब, बेरीज चालू आहे. ती थोडी थांबली, मग गेली. दुसरा कागद मी माझ्या ट्रंकेच्या तळाला पसरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवला.

नंतर लग्नाकार्यात आम्ही भेटायचो. काकू माझ्या गालावरून हात फिरवायची, मुलांना खाऊ द्यायची. तिच्या वागण्यात कधी काही दिसलं नाही, त्यामुळं तिला काही माहीतच नाही असं मी धरलं होतं. आईच्या दिवसांनंतर ट्रंक उघडली तेव्हा कागद तिथंच होता. घडीवर पिवळा पडलेला, पेन्सिल तशीच ठसठशीत.

वारंगा फाट्याला रेखाचं खिचडीचं हॉटेल आहे. नवरा ट्रकवर असतो, हॉटेल तीच बघते. काकू गल्ल्यामागं खाटेवर बसलेली असते, आता कंबरेतून वाकली आहे. मी गेले तेव्हा दुपार टळत होती, गिऱ्हाईक कमी. मला बघून रेखा म्हणाली, ‘आज शाळेला दांडी का, म्याडम?’ आणि न विचारता खिचडीची प्लेट समोर ठेवली. मी कागद काढला आणि बोलायला लागले. कशी सुरुवात केली ते आठवत नाही. बहुतेक फ्रिजच्या आवाजापासून. रेखा झारा हातात धरून उभी राहिली. शेगडीपर्यंत आले तेव्हा काकू म्हणाली, ‘ती ठाऊक हाय.’

‘काय ठाऊक हाय?’

‘शेगडी. सकाळी तुमच्याकडं ती लागली की माझ्या सैपाकाच्या खोलीतला बल्ब बारीक व्हायचा. पार मिणमिण. साडेअकराला परत मोठा. रोज.’

मला त्या संध्याकाळचं तिचं अर्धं वाक्य आठवलं. ‘मग तेव्हा काहून बोलली न्हाईस, काकू?’

‘बोलणार व्हते. भाऊजीनं कागद दावला. बेरीज जुळली म्हणले. मला वाटलं, शिकलेल्या पोरीनं लिहिलंय, तवा आपल्यालाच नीट दिसत नसंल. मी बल्ब बदलला बग. दोनदा बदलला.’

रेखा पुढं आली. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, उजेडाकडे धरून पाहिला, आणि परत दिला. ‘आईला वाचून दाखव,’ ती म्हणाली. ‘पयला बी तिला वाचूनच दावला व्हता ना.’

मी वाचायला लागले. वरच्या ओळीला इथंही ‘लाभ’च होतं. तेव्हा सवयीनं लिहिलं असणार. ‘लाभ, शेगडी, पंचाहत्तर. दोन, फ्रिज, बहात्तर. तीन...’

हॉटेलच्या कोपऱ्यातला थंड बाटल्यांचा मोठा फ्रिज खडखडला आणि थांबला. काकूनं मान वर न करता हात वर केला, आणि मी वाचायची थांबले. रेखा झारा पातेल्यात ठेवून खाटेच्या कडेला टेकली. बाहेरून एक ट्रक गेला, मग दुसरा. फ्रिज पुन्हा सुरू होईपर्यंत आमच्यातलं कुणी बोललं नाही. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी घड्याळाकडे पाहिलं नाही.